वर्षाचे मशरूमचे पापड

यवतमाळ

बाळा भावसिंग, मायचा तुले लाड.

पहिली आली शेजारची हंसाबाई, मागून बचत गटाच्या दोघी. तुह्या वर्षानं ज्वारीच्या पापडात वाळल्या मशरूमची पूड टाकली, तेच पाहाले. हंसाबाई म्हणे, "बुढे, कुत्र्याच्या छत्रीचे पापड कोण खाते?" अन् चार तिनंच खाल्ले!

तुहा जावई वारल्यापासून पोरगी पाहुण्यापुढं येत नव्हती. त्याच्या चपला अजून तिच्या दाराशीच आहेत. बाया म्हणाल्या, "करणारीले बोलवा." आली, खाली मान घालून. पण पूड किती टाकाची ते सांगता सांगता हासली. मी आत जाऊन रडली.

तिले आपल्या तांड्यावर न्याले इतक्यात येऊ नको, बापा. तुहा खोकला कसा आहे?

बाया मंगळवारी परत येतो म्हणून गेल्या. वर्षा म्हणे, "आजी, मंगळवारी मीच दार उघडीन."

तुही माय