अंगठ्याखालची गाठ

आये, आज सोनोग्राफीवाल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "आई कशानं गेली?" मी म्हटलं, "लिव्हरमध्ये पाण्याच्या गाठी होत्या." अर्धंच सांगितलं. त्याच गाठी माझ्याही लिव्हरमध्ये आहेत, बरीच वर्षं झाली. त्यांतली एक या वेळी बाकीच्यांसारखी दिसत नाही, म्हणून उद्या सीटी स्कॅन आहे. तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाही. भात करपला. चंदनसारच्या या घरात हॉलमधून किचनमध्ये नुसत्या येरझाऱ्या.

सारखी ती दुपार आठवते. तू अर्नाळ्याच्या बाजारातून मासे विकून येतेस, रिकामी पाटी ओट्यावर ठेवतेस आणि उजव्या बरगडीखाली अंगठा दाबतेस. मासा ताजा आहे का ते बघायला दाबायचीस, अगदी तसाच. "पोरी, हा गोला पान्याचा नाय. घट्ट लागते." माशात घट्ट ते चांगलं, इथे उलटं होतं, आणि ते तुला कळलं होतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. कपाटातून तुझा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट काढते, ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवते: पाण्याच्याच गाठी, काळजीचं कारण नाही. तू हसतेस. "कागदाला हात हायेत का गो?" तरी माझंच ऐकलंस, कारण घरात शिकलेली मी एकटी. चार महिन्यांनी कावीळ झाली तेव्हा कळलं, गाठींच्या त्या गर्दीत एक कॅन्सरची होती. डॉक्टर म्हणाले, असं क्वचितच होतं, लवकर लक्षात येतंच असं नाही, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. हे वाक्य मी वर्षानुवर्षं स्वतःला ऐकवत आले. पण तू आधी सांगितलं होतंस, हे मी त्यांना कळूच दिलं नव्हतं. मग त्यांनी माफ केलं ते कोणाला?

मघाशी कॉटवर आडवी होऊन मीही तिथेच अंगठा दाबून पाहिला. मऊ की घट्ट, काही कळेना. "दाबून बघ," म्हणत तू पाटीजवळ बसवायचीस, आणि हाताला वास येईल म्हणून मी उठून जायचे. उद्या स्कॅनच्या आधी बाईंना पूर्ण सांगेन: कॅन्सर होता, आणि तो सगळ्यांत आधी कोणाच्या हाताला लागला. तुला मात्र एक सांगायचं राहिलंच. अजूनही मासे घेताना मी कोळणीलाच विचारते, "ताजे आहेत ना?" ती हो म्हणाली की घेते.