कोरड्या डोळ्यांचा ढावलो

२ एप्रिल २००६, यवतमाळ

दुखण्याचं नाव कळलं एकदाचं — शोग्रेन! ओठाच्या आतला तुकडा काढून तपासला होता, त्यात निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराचे राखणदारच लाळेच्या ग्रंथींवर तुटून पडलेत. एक पेशी धोक्याचा निरोप धाडते, तो ऐकून दुसऱ्या धावतात, त्या आणखी निरोप धाडतात — सूज थांबतच नाही. आमच्या बंजारा तांड्यात कुणी "चोर!" ओरडलं की होतं तसंच. चोर नसतोच; मार खातं घरचंच कुत्रं. लाळ आटली, डोळ्यांतलं पाणीही.

"घरात कुणाला होतं?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

९ एप्रिल

भाकरी पाण्याच्या घोटाबरोबरच उतरते. पण उतरते!

१६ एप्रिल

दारव्ह्याजवळ आमच्या तांड्यावर जाऊन आले. भावाच्या मुलीचं, राखीचं लग्न ठरलंय. कापसाला भाव नाही, म्हणून मांडव लहान. पण ढावलो होणारच. सासरी निघताना नवरी एकेकीच्या गळ्यात पडून रडत गाते, तिच्याबरोबर आपणही रडत गायचं.

भावजय धनीबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "तुह्या डोयात तं टिपूस नाही. कोरड्या डोयानं पोरीले सासरी वाटी लावतं काय? अपशकुन! तू आपली मांगं बस."

कुणीतरी खिदळलं, "कानवेंटात शिकली, रडनं इसरली!"

मागे बसू? मी? राखीला या मांडीवर वाढवलंय!

१७ एप्रिल

पुढेच उभी राहणार.

३० एप्रिल

ढावलो घोकतेय. दोन ओळी, एक घोट. आवाज कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखा करकरतो. करकरू दे.

हे गाणं याडीचं — माझ्या आईचं. किती गोड गायची! पण मला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सोडलं, तेव्हा रडली नाही. मी फाटकाला लटकून हंबरडा फोडत होते. सिस्टरचेसुद्धा डोळे भरले, हिचे नाहीत. नळाला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायली आणि निघाली. ते अजून सलतं.

१२ मे, तांडा

गायले! पाण्याची बाटली काखेत मारून थेट पुढे. वहिनीने डोळे वटारले — वटारू देत. तिसऱ्या ओळीला जीभ टाळूला चिकटली. घोट घेतला, पुन्हा तिथूनच उचललं. राखीने आपला भिजलेला गाल माझ्या गालावर दाबला. "झाला ना ओला, आत्या!"

१३ मे

सकाळी वहिनी चहा घेऊन शेजारी टेकली. मग म्हणाली, "तुही याडीबी अशीच होती वं. तुले सोडून आली त्या दिसी ऊर बडवून राह्यली होती, पन डोये कोरडे. मी नवी नवरी, भेलीच. मले म्हने, 'धनी, पानीच येत नाही वं.'"

१५ मे, यवतमाळ

डॉक्टरीणबाईंना सांगायचं — घरात होतं. याडीला.