आत्याचा हक्क आणि मावशीची सही

मी, फुसिपाला मोआला, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार नेयाफु, वावाऊ बेटे, टोंगा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या मनाने माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. काल रविवार, कामाला हात लावायचा नाही, म्हणून आज.

१. जमीन आमच्याकडे बाईच्या नावावर नसतेच. ती धाकटा भाऊ विलिआमी याची. तेवढं लिहिणं वाचलं.

२. माझ्या आईच्या हातची बारीक विणीची चटई आणि झाडाच्या सालीच्या कापडाचे सगळे गठ्ठे विलिआमीची मुलगी लोलोहेआ हिला द्यावेत. तिचं नाव मी ठेवलं; तो आत्याचा मान. चटईच्या पट्ट्या मांडून तिला बेरजा मी शिकवल्या. मिशनच्या शाळेने टाकून दिलेली गणिताची पुस्तकं मी एकटीने डोकं फोडून वाचली होती, तीही तिचीच. पोरगी ऑकलंडला ताऱ्यांच्या पोटात काय चालतं त्याची समीकरणं मांडू लागली, तेव्हापासून मी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते.

३. दाराजवळचं बुटकं स्टूल फोडून चुलीत घालावं. लोलोहेआची मावशी पेलेनाइसे, दवाखान्यातली नर्स, हिने त्याच स्टुलावर बसून माझी पोरगी पळवली. साखरेच्या आजाराने विलिआमीचा पाय कापावा लागला, त्या नाताळात लोलोहेआ घरी आली. मावशीबरोबर घरोघर जखमा बांधत फिरली आणि एका संध्याकाळी म्हणाली, "आत्या, मी आता लोकांच्या आरोग्यावर संशोधन करणार. आपल्याकडे इतके पाय का जातात, ते शोधायचंय."

"आणि तारे?"

"तारे थांबतील गं. बाबांचा दुसरा पाय नाही थांबणार."

स्टुलावरून मावशीबाई हसल्या. "फुसीताई, पोरगी जमिनीवर आली बघा!"

"तुझ्या मांडीवर आली म्हण की!"

४. आमच्यात भावाच्या मुलांनी आत्याचा शब्द मोडायचा नसतो. त्या संध्याकाळी मी नुसतं "परत जा" म्हटलं असतं, तर पोरगी मुकाट्याने विमानात बसली असती. शब्द जिभेवर आला होता. गिळला. अजून घशात आहे.

५. आता तिचं काम अडलंय. साखर तपासायला रक्ताच्या थेंबासाठी ती दारोदार फिरते आणि आमच्याच घरचे थोराड बाप्ये तिला बघून डुकरांना खायला घालायच्या निमित्ताने मागल्या दाराने पळतात. पुरेशी माणसं आली नाहीत, तर तपासणी गुंडाळावी लागेल. मला म्हणते, "मावशी म्हणते, येतील हळूहळू."

मावशी म्हणते! मावशीच्या शब्दाला इथे विचारतो कोण? हक्क आत्याचा.

तो हक्क मी इथे वापरते. विलिआमी, त्याची सगळी मुलं, सुना, जावई, नातवंडं यांनी मला मातीत ठेवण्याआधी बोट टोचून घ्यावं. तोवर मयताच्या जेवणासाठी भट्टीत भाजलेल्या डुकराला कोणी हात लावू नये. माझं बोट मी आज सकाळीच दिलं. टोचायचं लोलोहेआने, मावशीने टोचलेलं धरलं जाणार नाही.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं कोर्टातल्या कारकुनाने सांगितलं. म्हणून पहिली साक्षीदार मी मुद्दाम बोलावली. सगळं वाचून ती म्हणाली, "फुसीताई, जाळण्यापेक्षा ते स्टूल तरी मला द्यायचं."

आधी सही कर म्हटलं.

लिहून देणार: फुसिपाला मोआला (सही)
साक्षीदार: १. पेलेनाइसे वेआ, नर्स (सही)
२. पाद्री मोसेसे ताउफा (सही)
ठिकाण: नेयाफु
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९