रायापूरचा फोन

मंगळवार, संध्याकाळ

माल वाहायच्या ई-सायकलला सकाळी नवा डिस्प्ले बसवून घेतला. जुन्यावर नुसते तीन दिवे होते, चार्ज नेमका किती उरलाय ते कळायचंच नाही. म्हणून धारवाडहून परतताना रायापूरला थांबून रोज अक्काला फोन करायचो, "वाटेत बंद पडलो तर भावजींना पाठव." त्या निमित्तानं चार गोष्टी बोलणं व्हायचं.

आज डिस्प्लेवर स्वच्छ आकडा: अजून बत्तीस किलोमीटर. मग फोन कशाला? पण घरी तरी कोण वाट बघतंय? केलाच शेवटी.

"अक्का, एकच दिवा उरलाय."

"फोटो पाठवलास की सकाळी. नव्यात दिवे कुठायत रे?"

मी सायकल स्टँडवर लावली.

"असू दे," ती म्हणाली. "बोल."