आत्या, तुझा गोळ्यांचा डबा

प्रिय आत्या,

तुझं तेरावं नुकतंच झालं, आणि आज सकाळी शेजारची रुक्मिणकाकू दारात. "आत्याचा गोळ्यांचा डबा देता का? नातीला सर्दी-ताप हाय." वहिनीने तो काढूनही दिला! भांडायला तू नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आपल्या आष्टीच्या गल्लीची ही काय रीत गं? ताप उतरला की डॉक्टरच्या गोळ्या बंद, उरलेली पट्टी तुझ्या डब्यात. मग मागेल त्याला तू वाटायचीस. कुणाला खरचटलं तर अँटिबायोटिकची लाल-पिवळी कॅप्सूल उघडून पूड जखमेवर टाकायचीस. स्वतःच्या पायाला जखम झाली तेव्हासुद्धा तेच केलंस.

आजोबांचा पाय पेन्सिलिनच्या इंजेक्शनांनी वाचला, हे तू कितीदा सांगायचीस! तेव्हापासून ती औषधं तुला अंगाऱ्यासारखी झाली. पण अंगारा कुणालाही, कितीही दिला तरी चालतो. अँटिबायोटिक नको तिथे घेतलं, मनानेच मध्ये सोडलं, की जंतू निर्ढावतात. आणि साध्या सर्दीवर तर त्याचा उपयोगच नसतो.

जालन्याच्या दवाखान्यात तुझ्या जखमेतला पू तपासला. डॉक्टर म्हणाले, "औषधं बदलून पाह्यली, जंतू दाद देऊन न्हाई राह्यले." तू मात्र वहिनीला विचारत होतीस, "माझी लाल-पिवळी आणली का गं?" मला रडू आलं आणि तुझा भयंकर रागही आला.

एकट्या तुझा नाही. चिठ्ठी न बघता पट्टी कापून देणाऱ्या मेडिकलवाल्याचा, शिंक आली की सुई टोचणाऱ्या डॉक्टरचाही. त्यांना कोण विचारणार?

मी काकूच्या हातून डबा ओढून घेतला. नातीला सरकारी दवाखान्यात नेलं. साधी सर्दी निघाली. तापाचं औषध दिलं, पाणी पाजत राहा म्हणाले. काकू फणफणली, "इतक्या लांब नेलं अन् कॅप्सूल बी न्हाई दिली! आत्या असती तर दिली असती."

दिली असतीस, हेच तर दुःख आहे.

गल्ली म्हणते, आत्या शुगरने गेली. शुगर होतीच, पण तेवढंच नव्हतं. ह्यापुढे डबा मागायला जो येईल त्याला मी खरं सांगेन, की औषधं लागू पडेनात म्हणून आत्या गेली, आणि ती का लागू पडेनात तेही. ज्यांच्या लेकरांना तू मायेने गोळ्या दिल्यास, त्यांच्यात तुझं नाव खराब होईल, आत्या. होऊ दे.

तुझ्यावर अजून चिडलेली,
तुझी भाची सुनीता