महिन्यातून एकदा

मिनियापोलिस, ७ सप्टेंबर

प्रिय सिग्रिड,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. फोनवर म्हणालीस ते सगळं आत होतं: माझ्या पेट्रोलच्या पावत्या, आईच्या स्वयंपाकघरातलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर आणि नोटरीसमोर सही केलेलं तुझं निवेदन. वरची चिठ्ठीही वाचली. ‘घे, आता तरी सोडतील तुला. पुढच्या वेळी पावत्या स्वतः जपायच्या, इंजिनिअरबाई!’ मिनेसोटाच्या कर खात्याने गेल्या वर्षीच्या माझ्या घरच्या फेऱ्यांचा पुरावा मागितलाय, त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे पंधरा तारखेपर्यंत वेळ आहे. आज सात. पाकीट अजून माझ्याच टेबलावर आहे.

नियम तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला ते नीट मांडायचं आहे. नोकरी इथे मिनेसोटात, घर तिकडे नॉर्थ डकोटात, मेव्हिलला. दोन्ही राज्यांचा करार आहे की अशा माणसाने पगारावरचा कर फक्त आपल्या घरच्या राज्यात भरायचा. अट एवढीच, की त्याने महिन्यातून निदान एकदा घरी परत गेलं पाहिजे. दरवर्षी फॉर्मवर तो प्रश्न असतो आणि सहा वर्षं मी ‘हो’वर खूण केली. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ‘मिनेसोटा सरकारचे उपकार, नाहीतर माझी धाकटी मला फोटोतच दिसली असती.’ तू स्कूल बस धुता धुता ओरडायचीस, ‘आल्या बाई हजेरी लावायला!’ मी हसायचे नाही. तुम्हाला वाटायचं मला राग येतो. खरं म्हणजे तुमचं बरोबर होतं. अट नसती तर मी किती वेळा आले असते, हा हिशेब मी कधी केला नाही.

कॅलेंडर मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. जानेवारीतल्या एका शनिवारी आईचं बारीक अक्षर. ‘ब्रिट आली. जेवायला हॉटडिश. रविवारी तीनला निघाली.’ त्याच महिन्यात पुढे ती न्हाणीघरात पडली, त्यानंतर अक्षर थोडं तिरकं झालंय. फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी लिहिलंय, ‘ब्रिट आली. वॅफल केले.’ मार्चमध्ये एकच नोंद आहे, दवाखान्याची. पुढची पानं कोरी आहेत.

त्या फेब्रुवारीतल्या शनिवार-रविवारी तू बस चालवण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी बिस्मार्कला प्रशिक्षणाला गेली होतीस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला रात्री एकटीला ठेवू नका. तू मला तीनदा फोन केलास. तिसऱ्यांदा म्हणालीस, ‘ब्रिट, या वेळी फॉर्मसाठी नाही हं, माझ्यासाठी ये.’ मी हो म्हणाले. निवेदनात तू लिहिलंयस की ते दोन्ही दिवस मी आईजवळ होते, हे तुला आईने स्वतः सांगितलं. आईच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी पितानाही तू हेच सगळ्यांना सांगत होतीस. ‘फेब्रुवारीतले ते दोन दिवस ब्रिट होती तिच्यापाशी. दोघींनी वॅफल केले.’ आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलास. सहा वर्षांत पहिल्यांदा.

सिग्रिड, मी आले नव्हते. शनिवारी सकाळी मी आईला फोन करून सांगितलं की बर्फामुळे वाटेत फार्गोच्या पुढे रस्ता बंद आहे. रस्ता चालू होता. मी तो आधी तपासला होता. माझं इथे काही काम नव्हतं, कुणी आजारी नव्हतं, कुणी माणूसही नव्हता. मी थकले होते आणि मला दोन दिवस कुणाची मुलगी, कुणाची बहीण व्हायचं नव्हतं. मी झोपले, पडदे विकत आणले, ते लावले. आई म्हणाली, ‘हो गं, इथेही खिडकीतून काही दिसत नाहीये.’ त्या दिवशी मेव्हिलला लख्ख ऊन होतं. संध्याकाळी मी पुन्हा फोन केला, तर म्हणाली, ‘हीटर जरा कुरकुरतोय, पण मी तुझ्या बाबांचा कोट घालून राणीसारखी बसलेय. सिगीला काही बोलू नकोस, उगाच भांडाल.’ मी बोलले नाही. तेव्हाही नाही, तळघरातही नाही.

तुझं निवेदन मी परत पाठवते आहे. आईने माझ्यासाठी जे खोटं सांगितलं, त्यावर तू शपथ घेऊन सही केली आहेस, आणि ती सही मी वापरणार नाही. आमच्या कंपनीचा औषधाचा पंप सांगितलं तेवढंच औषध देतो, अशा दाखल्यांवर मी रोज सही करते. त्या सहीवर कुणी रोगी विसंबून असतो. फेब्रुवारीसमोर मी ‘नाही’ लिहीन आणि वर्षभराचा कर मिनेसोटाला भरीन. नियमात ‘साधारणपणे’ असा शब्द नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही. ते मी तुला न सांगताही भरू शकले असते. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती फक्त तुलाच माहीत आहे. त्या शनिवारानंतरच्या मंगळवारी तू माणूस बोलावून हीटर दुरुस्त करून घेतलास. त्याच्या तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिला. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, मला ते सिद्ध करता येणार नाही. पण सोमवारी तू परत आलीस तेव्हा घर किती थंड होतं? आत आल्यावर तू तुझा कोट काढलास का? तिचे हात कसे लागले? जे आठवतं तेच लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तसं आईने एकदा केलं आहे.

तुझीच,
ब्रिट