जनार्दन पाटकर यांच्यावरील आळ

मी, फ्रेडरिक अंतोन डाबरे, वय ५९, मूळ राहणार गिरीज, तालुका वसई, सध्या मुक्काम अल् खुवैर, मस्कत, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; हृदयाचे डॉक्टरांना विचारावे.

१. गिरीजचे घर व बँकेतील ठेव पत्नी आग्नेस हिला. विहिरीवरून तिने माझ्या भावाशी भांडू नये. पाणी द्यावे, पण तो मागायला आला तरच.

२. अमेरिकेत इंग्रजांचा अंमल होता तेव्हाच्या एका न्यायाधीशाचे चरित्र मुलगी कॅन्डिस हिला. चेटूक केल्याच्या आरोपावरून निरपराध माणसांना फाशी देणाऱ्या न्यायालयात हा बसला होता. पाच वर्षांनी त्याने आपली कबुली पाद्रींकडून भर चर्चमध्ये वाचून घेतली आणि वाचून होईपर्यंत स्वतः सगळ्यांसमोर उभा राहिला. इतका मोठा माणूस माझ्या वाचनात दुसरा नाही.

३. कंपनीत चौकशा मी करतो, म्हणून मला थट्टेने 'जज्जसाहेब' म्हणतात. १९९४ साली तांब्याच्या तारेची दोन रिळे गेली. मी स्टोअरकीपर जनार्दन पाटकर यांना चोर ठरवले आणि दूर दक्षिणेला सलालाहला हमालीवर धाडले. सहा महिन्यांनी रिळे मस्कतच्याच वादी कबीर भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ताडपत्रीखाली मला दिसली. मी गप्प बसलो. आजवर बसलो. याची मला लाज वाटते.

४. गिरीजची केळीची वाडी जनार्दन यांना द्यावी आणि कलम ३ माझ्या अंत्यविधीनंतर सर्वांना वाचून दाखवावे.

जनार्दन यांना सलालाहहून बोलावून घेतले आणि काल हा मसुदा दाखवला. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही गेल्यावर वाचून काय उपयोग? तो जज्ज जिवंतपणी उभा राहिला ना? वाडी नको मला. साक्षीदार करा."

मी सांगितले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही.

"चालेल. पण सही कँटीनमध्ये करणार. सगळ्यांदेखत."

सबब कलम ४ रद्द. वाडी कॅन्डिसला.

आज दुपारी कंपनीच्या कँटीनमध्ये कॅन्डिसने हे सारे मोठ्याने वाचले. तिचे मराठी अडखळते, पण तिसऱ्या कलमापाशी ती थांबली ते त्यामुळे नव्हे. मी म्हणालो, "वाच." जेवणारे साठ-सत्तर जण हात थांबवून ऐकत होते. मी शेवटपर्यंत उभा होतो. मग जनार्दन यांनी माझ्याकडे पेन मागितले.

सही : फ्रेडरिक अंतोन डाबरे

साक्षीदार : १. जनार्दन पाटकर
२. साकिब मुकादम

मस्कत, शुक्रवार, २३ एप्रिल १९९९